गाडी तीच, चालवणारी तीच, मग हप्ता का वाढला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकाचे पत्र आले होते. घर बदलल्याबरोबर गाडीच्या विम्याचा हप्ता वाढला, गाडी तीच आणि चालवणाराही तोच, म्हणजे ही उघड लूट आहे, असा त्यांचा सूर होता. ते वाचताना मला दोन वर्षांपूर्वीचा एक फोन आठवला. माझ्या धाकट्या बहिणीची बदली लहान गावातून एका मोठ्या शहराच्या उपनगरात झाली होती. नव्या पत्त्यावर विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस आली आणि ती हातात धरूनच तिने मला फोन लावला. नऊ वर्षांत एकही क्लेम नाही, नो क्लेम बोनस शाबूत, गाडीवर साधा ओरखडा नाही, आणि हप्ता मात्र जवळजवळ सव्वापट. "ताई, माझं काय चुकलं?" हा तिचा पहिला प्रश्न. पैशांचे तिने नंतर विचारले.

तो प्रश्न मला लागला, कारण त्याचे उत्तर देणे हे एका अर्थाने माझेच काम होते. मी एकतीस वर्षे मोटार सर्व्हेअर होते. अपघात झालेली गाडी जागेवर जाऊन बघायची, फोटो काढायचे, कुठला पार्ट बदलायचा आणि कुठला ठोकून सरळ होईल हे ठरवायचे, वर्कशॉपच्या एस्टिमेटवर लाल पेन फिरवायचे आणि अहवाल द्यायचा. विम्याचे दर ठरवणारी माणसे वेगळी असतात, त्यांना अ‍ॅक्च्युअरी म्हणतात. पण त्यांच्या टेबलावर जे आकडे येतात ते आमच्यासारख्यांच्या हजारो अहवालांमधूनच येतात. कुठल्या भागात काय मोडते, किती वेळा मोडते आणि ते दुरुस्त करायला काय लागते, याची बेरीज म्हणजे त्या भागाचा दर.

बहिणीला मी आधी हेच सांगितले की तुझे काहीच चुकलेले नाही. हप्त्याचा काही भाग तुझ्या चालवण्याचा असतो. दुसरा मोठा भाग गाडी रात्री कुठे उभी राहते आणि तिच्या आजूबाजूला काय घडते याचा असतो. कोपऱ्यावर वळताना दुसऱ्याने तुझ्या दाराला गाडी घासली, तर त्यात तुझा दोष शून्य, पण ते दार बदलावे लागतेच.

याचे गणित साधे आहे. समजा एका भागात शंभर गाड्यांमागे वर्षाला बारा क्लेम येतात आणि प्रत्येकाचा सरासरी खर्च एक एकक आहे. दुसऱ्या भागात शंभरांमागे चारच क्लेम येतात, पण प्रत्येकाला तीन एकके लागतात. दोन्हीकडे बेरीज बाराच. पहिला भाग गजबजलेल्या शहराचा, दुसरा मोकळ्या रस्त्यांचा, आणि कच्चा दर, म्हणजे नुसत्या क्लेमच्या खर्चावरून निघणारा दर, सारखाच! लोकांना वाटते की गर्दी म्हणजे महाग आणि शांतता म्हणजे स्वस्त. पुष्कळदा तसे असतेही, पण मोकळ्या रस्त्यावरचा अपघात मी पाहिला आहे. तो क्वचित होतो आणि होतो तेव्हा गाडीचे तोंड उरत नाही. रात्रीची वेळ, वेग जास्त, रस्त्यात अचानक आलेले जनावर, दवाखाना दूर, टोइंगची गाडी दोन तासांनी येणार. पंचक्रोशीत मोठे वर्कशॉप एकच असेल तर पार्टची वाट बघण्यात दोन आठवडे जातात, आणि तोवर बदली गाडीचा खर्चही पॉलिसीत धरलेला असू शकतो.

शहरातले क्लेम बारीक आणि अखंड. बंपरचा कोपरा, दार, आरसा, पुन्हा बंपरचा कोपरा. मी कामाला लागले तेव्हा बंपर हा प्लास्टिकचा एक तुकडा होता. बदलला, रंगवला, गाडी दिली. निवृत्तीच्या सुमाराला त्याच बंपरच्या मागे अंतर मोजणारे सेन्सर असायचे, समोरच्या काचेच्या वर कॅमेरा असायचा आणि काच बदलली की कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन करून घ्यावे लागायचे. धक्का तेवढाच, बिल कितीतरी पट. त्यात कारागिराच्या एका तासाचा दर जागेप्रमाणे बदलतो. जिथे गाळ्याचे भाडे जास्त आणि मजुरी जास्त, तिथे तेच दार बसवायला जास्त पैसे लागतात. ही तफावत थेट हप्त्यात उतरते आणि त्यात मला तरी अन्याय दिसत नाही.

आता आभाळाचे बघा. गारपिटीनंतरचा सर्व्हे मी कधी विसरणार नाही. वर्कशॉपमध्ये ओळीने गाड्या उभ्या, लांबून बघाल तर सगळ्या ठणठणीत. मग बॉनेटवर ट्यूबलाइट आडवी धरायची. तिची पांढरी रेघ पत्र्यावर उमटते आणि जिथे ती रेघ वाकडी होते तिथे खळगा. प्रत्येक खळग्याभोवती खडूने गोल काढायचा. एका टपावर मी त्र्याण्णव गोल काढले होते. शेवटी मान इतकी अवघडली की खाली बसावे लागले, आणि मागे अजून बावीस गाड्या थांबल्या होत्या. एका रस्त्यावरच्या बारक्या धडकेत दोन गाड्या अडकतात. गारा पडल्या की अख्खा भाग एकाच दुपारी क्लेम घेऊन दारात उभा राहतो. जर्मनीत म्युनिक शहरावर १२ जुलै १९८४ च्या संध्याकाळी गारांचे वादळ आले तेव्हा सुमारे २ लाख वाहनांचे नुकसान झाले. तिथला कुठलाही चालक त्या दिवशी चुकला नव्हता. पण असा इतिहास असलेल्या भागाचा दर आणि जिथे गारा कधी पडतच नाहीत अशा भागाचा दर सारखा ठेवायचा म्हटले, तर दुसऱ्या भागातल्या माणसाच्या खिशातून पहिल्याचा पत्रा दुरुस्त करावा लागेल.

पुराचेही तसेच. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून आणली तरी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की पट्ट्यावर चिखलाची रेघ सापडते. ती रेघ कमरेच्या वर असेल तर मी पुढचे फार काही तपासत नसे. आत वायरिंग, एअरबॅगचे युनिट, सगळे गेलेले असते, आणि कोणी घाईने स्टार्टर मारला असेल तर इंजिनात शिरलेल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकलेला असतो. टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडे गेलेली. नदीकाठच्या सखल वस्तीचा दर टेकडीवरच्या वस्तीपेक्षा वेगळा का, याचे उत्तर त्या पट्ट्यावर लिहिलेले असते. चोरीबद्दल जास्त लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. जिथे गाड्या जास्त चोरीला जातात आणि सापडत नाहीत, तिथे विमा महाग.

जे सर्व्हेअरला दिसत नाही ते म्हणजे कायदा, आणि काही ठिकाणी हप्त्यात सगळ्यात जड भाग त्याचाच असतो. पत्रा दुरुस्त करायला फार तर गाडीची किंमत लागते, माणूस दुरुस्त करायला किती लागेल याला मर्यादा नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९७३ पासून असा नियम होता की अपघातात जखमी झालेल्याचा उपचारखर्च, दोष कोणाचाही असो, त्याच्या स्वतःच्या मोटार विम्याने आयुष्यभर आणि कमाल मर्यादेशिवाय द्यायचा. जखमी माणसासाठी याहून मोठा आधार नाही. पण तो आधार हप्त्यातूनच उभा राहत होता आणि त्याच राज्यातल्या डेट्रॉइट शहराच्या रहिवाशांना देशातल्या सर्वाधिक महाग हप्त्यांपैकी हप्ते भरावे लागत होते. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि जुलै २०२० पासून लोकांना कमी मर्यादा निवडण्याची मुभा मिळाली. शेजारच्या कॅनडातल्या क्युबेक प्रांताने १९७८ मध्येच वेगळी वाट धरली. तिथे शारीरिक इजेची भरपाई सार्वजनिक संस्था करते, तिचा पैसा लायसन्स आणि वाहन नोंदणीच्या शुल्कातून येतो, आणि खाजगी विमा कंपन्यांकडे उरते ते मुख्यतः गाड्यांचे आणि मालमत्तेचे नुकसान. मग नुसत्या दोन हप्त्यांच्या आकड्यांवरून मिशिगनची कंपनी लुटारू आणि क्युबेकची सज्जन असे ठरवणे बरोबर होईल का? दोन्ही पावत्यांवर 'गाडीचा विमा' असे लिहिलेले असले तरी आतला ऐवज वेगळा आहे.

विमा न काढता गाडी चालवणारे हाही यातलाच एक धागा. अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशायर राज्यात सर्वसाधारण चालकाला विमा काढण्याची सक्तीच नाही. व्हर्जिनिया राज्यात सरकारला ठराविक शुल्क भरून विम्याविना गाडी चालवता येत असे, ती सोय १ जुलै २०२४ पासून बंद झाली. अशा गाडीने धडक दिली तर तिच्या मालकाकडून वसूल काय करणार? तो भार शेवटी विमा काढणाऱ्या शेजाऱ्यांवर पडतो. त्या भागात सरळमार्गी माणसाने थोडे जास्त भरायचे, कारण दुसऱ्याने काहीच भरलेले नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते ते इथे.

हे सगळे लिहिल्यावर मी कंपन्यांची वकिली करते आहे असे वाटेल. तसे नाही. भागाप्रमाणे दर वेगळा असायला माझी हरकत नाही, पण तो कसा वेगळा झाला हे गिऱ्हाइकाला न सांगणे मला अजिबात मान्य नाही.

सांगता येते, याचे चांगले उदाहरण जर्मनीचे. तिथे विमा कंपन्यांची संघटना दरवर्षी देशातल्या चारशेहून अधिक वाहन-नोंदणी जिल्ह्यांचे वर्ग जाहीर करते. दुसऱ्याच्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्यासाठी १२ वर्ग, स्वतःच्या गाडीच्या संपूर्ण विम्यासाठी ९, आणि चोरी, वादळ, गारा, काचा, वन्य प्राण्यांची धडक अशा अंशतः विम्यासाठी १६. मागच्या ५ वर्षांचा नुकसानीचा अनुभव घेऊन हे वर्ग ठरतात. यात एक बारकावा आहे, तो आपल्या पत्रलेखकांना उपयोगी पडेल. अपघात कुठे झाला याला तिथे महत्त्व नाही, गाडी ज्या जिल्ह्यात नोंदलेली आहे त्या जिल्ह्याच्या खात्यात तो जमा होतो. "आमच्या गल्लीत तर अपघात होतच नाहीत," हे खरे असले तरी त्या गल्लीतल्या गाड्या दिवसभर हिंडतात कुठे, हेही मोजले जाते. आणि ५ वर्षे घेण्याचे कारण असे की लहान जिल्ह्यात एका वर्षी दोन भीषण अपघात झाले तर तेवढ्यावरून सगळ्यांना चटका बसू नये. हे वर्ग कंपन्यांना बंधनकारक नाहीत, पण माणसाला आपला जिल्हा कुठल्या वर्गात आहे आणि यंदा तो वर चढला की खाली उतरला, हे बघता येते. आपण कुठे उभे आहोत हे कळले की निम्मा राग ओसरतो.

उलट टोकाला भारताचे २००२ चे मोटार टॅरिफ, म्हणजे सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिलेले विम्याचे दरपत्रक. खाजगी मोटारींसाठी त्यात देशाचे दोनच तुकडे होते. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही ८ शहरे 'ए' झोनमध्ये आणि उरलेला सगळा देश 'बी' मध्ये. गाडीची नोंदणी कुठल्या कार्यालयात झाली त्यावर झोन ठरायचा. १००० सीसीपर्यंतच्या आणि ५ वर्षांच्या आतल्या गाडीला 'ए' मध्ये किमतीच्या ३.१२७ टक्के, 'बी' मध्ये ३.०३९ टक्के. फरक नाममात्र, पण दोन्ही आकडे छापलेले, कोणीही वाचावेत. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीचे दर खुले झाले आणि कंपन्या आपापले दर ठरवू लागल्या. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, दर मात्र आजही सरकारी आहे, मोटारीच्या इंजिनाप्रमाणे बदलतो आणि देशभर एकच असतो. म्हणजे एकाच पॉलिसीत एक आकडा जागेप्रमाणे हलणारा आणि दुसरा न हलणारा असू शकतो. हेही किती जणांना कोणी समजावून सांगितलेले असते?

मोठे तुकडे पाडले तर शांत भागाने दंग्या भागाचा भार उचलायचा. फार बारीक तुकडे पाडले तर एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन दर येतात. दुसरा प्रकार मला जास्त सलतो. समोरासमोरच्या दोन घरांतल्या गाड्यांवर पडणारा पाऊस एकच असतो आणि दोन्ही गाड्या कोपऱ्यावरच्या त्याच चौकातून जातात. शिवाय रेघ जितकी बारीक, तितकी ती गरीब वस्तीच्या अंगावर येण्याची भीती जास्त. जुनी घरे, आवार नाही, गाडी रस्त्यावर उभी, म्हणून दर जास्त, आणि तिथेच राहणाऱ्याला तो परवडत नाही. कॅलिफोर्नियात लोकांनी १९८८ मध्ये मतदानाने प्रस्ताव १०३ मंजूर केला तो या खदखदीतून. त्यात क्रम ठरवून दिला: आधी चालकाची स्वतःची सुरक्षिततेची नोंद, मग वर्षाला किती मैल गाडी चालते, मग चालवण्याचा किती वर्षांचा अनुभव. पत्त्यासारख्या गोष्टींचे वजन यांच्याहून जास्त असता कामा नये. ते पुरते अमलात आणणारे नियम यायला २००६ साल उजाडले, यावरून ओढाताण किती झाली असेल ते समजावे. मला हा क्रम पटतो. नऊ वर्षे सांभाळून गाडी चालवणाऱ्या बाईची नोंद तिच्या पिनकोडपुढे फिकी पडावी, हे बरे नाही.

आता ज्या कारणासाठी हे पत्र एवढे लांबले त्याकडे येते. आपल्या पत्रलेखकांनी शेवटी लिहिले होते की, यापुढे मी गावाकडचाच पत्ता देणार. कृपा करून तसे करू नका. बहिणीलाही एका परिचिताने हाच सल्ला दिला होता. तेव्हा मी तिला एका गाडीची हकिकत सांगितली.

समोरून चेपलेली, पॉलिसीवर लहान गावाचा पत्ता असलेली गाडी होती. मी नेहमीप्रमाणे फोटो काढत होते. काचेच्या डाव्या कोपऱ्यात एका मोठ्या शहरातल्या वसाहतीचा पार्किंगचा स्टिकर होता, त्यावर फ्लॅटचा नंबर, आणि उन्हाने त्याचा निळा रंग पार पांढुरका पडलेला. तो काही आठवड्याभरात लावलेला नव्हता. ग्लोव्ह बॉक्समधल्या सर्व्हिस बुकावर पाच शिक्के, पाचही त्याच शहरातल्या एकाच वर्कशॉपचे. मी मालकाकडे पाहिले. साधा, मध्यमवयीन माणूस. तो आधी गप्प राहिला, मग म्हणाला, "मॅडम, सगळेच असं करतात असं एजंट म्हणाला होता." मी जे पाहिले ते अहवालात लिहिले. न लिहून चालणार नव्हते. क्लेम चौकशीत गेला, चार महिने लोंबकळला, आणि भरायला हवा होता त्या हप्त्याच्या प्रमाणात रक्कम कापून मिळाली. दरवर्षी वाचवलेले पैसे त्या एका बिलापुढे काहीच नव्हते. त्या चार महिन्यांत तो मला तीनदा भेटायला आला, आणि माझ्या हातात काही नव्हते. त्याला कोणी आधीच नीट सांगितले असते की जागेमुळे हप्त्यात एवढा फरक पडतो, यातले एवढे चोरीचे, एवढे दुरुस्तीचे, तर त्याने खोटा पत्ता दिलाच नसता, असे मला अजूनही वाटते. न समजलेला आकडा माणसाला फसवणूक वाटतो आणि मग त्याला उलट फसवण्यात चूक वाटत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. नूतनीकरणाच्या नोटिशीत नो क्लेम बोनसची ओळ असते, कराची ओळ असते, तशी जागेचीही एक ओळ असावी. तुमचा भाग अमुक वर्गात मोडतो, त्यामुळे हप्ता इतके टक्के वर किंवा खाली गेला, आणि त्यामागचे मुख्य कारण हे. वर्गवारी सगळ्यांना बघता येईल अशी दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. कंपन्यांकडे हे आकडे आहेतच, त्याशिवाय नोटीस छापताच येणार नाही. विमा नियामकांनी मनावर घेतले तर एका नूतनीकरणाच्या चक्रात हे होऊ शकेल.

बहिणीने खरा पत्ता दिला. गाडी रात्री कुंपणाच्या आत, फाटक लावून उभी असते, हेही लेखी कळवले, कारण ते विचारात घेणाऱ्या कंपन्या असतात. हप्ता थोडा उतरला. जागेचा भाग नेमका किती, असे तिने कंपनीला पत्राने विचारले होते, त्याला "आपला दर आमच्या अंतर्गत निकषांनुसार आहे" एवढेच उत्तर आले. यंदाची नोटीस पुढच्या महिन्यात येईल. तिने तोच प्रश्न पुन्हा लिहून तयार ठेवला आहे, आणि या वेळी त्याची एक प्रत नियामकांकडेही जाणार आहे. आपल्या पत्रलेखकांनीही तसेच पत्र पाठवावे अशी माझी त्यांना विनंती आहे. मसुदा हवा असल्यास आपल्या कार्यालयामार्फत मी तो जरूर देईन.

कळावे,
आपली,
एक निवृत्त मोटार सर्व्हेअर